लादिनीला उत्तर कोण देणार

लहानपणी माझा आवाज किती मोठा होता हे सांगायला आज कोणी साक्षीदार उरलेला नाही, तेव्हा मी सांगेन ते तुम्हाला मानून घ्यावं लागेल. पार्सेला आमच्या दारात उभी राहून मी "मांय गेऽऽ" अशी हाक घातली की शापोरा नदीपलीकडे शिवोलीत होड्या दुरुस्त करणारे सुतार हातातला हातोडा खाली ठेवायचे. माडावरचा पाडेली नारळ काढायचा विसरून स्वतःच खाली यायचा. पोदेर, म्हणजे सकाळी सायकलवरून पाव विकणारा, आमच्या वाड्यावर भोंगा वाजवायचा नाही. मी वाजवायची. "उंडेऽऽ पोयेऽऽ" असा मी एक सूर सोडला की सगळी घरं टोपल्या घेऊन बाहेर, आणि त्या बदल्यात तो मला एक कडक कांकण द्यायचा. कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव. पेजेत बुडवून खाल्ला तर स्वर्ग, न बुडवता खाल्ला तर दात जातो. माझा एक गेला. बाकीचे वयानं गेले, त्यांचा दोष पोदेरावर घालत नाही.

वाड्यावर किरिस्तांवांचं, म्हणजे ख्रिश्चनांचं, घर आमचं एकटंच. बाकीची सगळी हिंदू घरं, आणि इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, बाजूला आमच्यातली वस्ती ती बरीच लांब, शेतं ओलांडून. घरात आम्ही दोघीच, मांय आणि मी. आमचा पाय, म्हणजे वडील, कायतान त्यांचं नाव, तेलाच्या जहाजावर कुक होते. ते घरी यायचे तेव्हा साबणाचा, चॉकलेटांचा आणि कांद्याचा असा मिळून एक वास घेऊन यायचे. तो वास विरला की समजायचं, ते पुन्हा गेले. मग घरात आवाज उरायचे ते एवढेच: चुलीत ओलं लाकूड फटाक्यासारखं फुटल्याचा आवाज, छपरावरून खारीची धाव, आणि पहाटे मांयची प्रार्थना. ती प्रार्थना मला लहानपणी अजिबात पटत नसे. मांय आल्तारापुढे, म्हणजे आमच्या देवघरापुढे, गुडघे टेकायची, छातीवर क्रुसाची खूण, खुरीस, काढायची आणि नुसती नावं घ्यायची. पायचं, माझं, मग वाड्यावरच्या एकेका घराचं. प्रत्येक नावानंतर श्वासाइतकी थांबायची. शेवटचं नाव झालं की उठून पेजेचं आधण ठेवायची. मागणं काहीच नाही. मी म्हणायची, "मांय, पत्ता घातलास, पण आत मजकूर खंय?" ती म्हणायची, "मजकूर तो जाणा."

मला मजकूर नसलेली प्रार्थना समजणार कशी? मी वाढले पांडूकाकांच्या गाऱ्हाण्यांवर. पांडूकाका आमचे सख्खे शेजारी, मधे एक काजूचं कुंपण. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून, सगळ्यांच्या वतीनं, खणखणीत आवाजात काय हवं ते सांगणं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा, ताचो धंदो वाढूंदे, ताच्या वाटेतलो काटो दूर जांवदे..." आणि प्रत्येक वाक्याला सगळी माणसं एका घशातून "होय म्हाराजा!" तो "होय" ऐकला की देवाला नाही म्हणायची सोयच उरत नाही, असं माझं मत होतं. पांडूकाकांची मुलगी सुली माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. आम्ही दोघी काजूच्या भरडावर, म्हणजे वरच्या खडकाळ माळावर, जायचो. मी दगडावर चढून गाऱ्हाणं घालायची आणि सुली काजूच्या फांदीवरून "होय म्हाराजा" करायची. गणिताच्या पेपरासाठी, नव्या रिबिनीसाठी, शाळेतल्या एका मास्तरांच्या बदलीसाठी. त्या मास्तरांची बदली खरोखर झाली. त्यांची तीन वर्षं भरली होती, हा तपशील आम्ही विचारात घेतला नाही.

वाड्याच्या तिठ्यावर एक पांढरा खुरीस होता आणि मे महिन्यात तिथं मांय लादीन करायची. पाय पहिल्यांदा जहाजावर गेले तेव्हाची ती तिची आंगवण, नवस म्हणा. ते कायमचे घरी येईपर्यंत दर वर्षी लादीन करीन आणि वाड्यावरच्या प्रत्येक घराला खुरसाकडचे चणे देईन. लादीन म्हणजे मारीमायची, येशूच्या आईची, आळवणी. मेस्त, म्हणजे इगर्जेतले गायनमास्तर, व्हायोलिन घेऊन एकेक नाव लातिनीत गातात आणि जमलेली माणसं प्रत्येक नावाला "ओरा प्रो नोबीस" असं उत्तर देतात, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. आमच्या लादिनीला उत्तर देणारा अख्खा वाडा हिंदू. त्यांना लातिनी जेवढी कळायची तेवढीच आम्हाला कळायची, तेव्हा त्यात भेदभाव नव्हता. बाया मेणबत्त्या लावायच्या, खुरसाच्या पायथ्याशी तेल घालायच्या, अबोलीचे वळेसर वाहायच्या, आणि लादीन संपली की पांडूकाका पुढे होऊन, धोतर सावरून, "बा खुरसा म्हाराजा" म्हणून आमच्या पायसाठी गाऱ्हाणं घालायचे. समुद्रावर त्याला सांभाळ. होय म्हाराजा! मग खोबऱ्याच्या कातळ्या घातलेले उकडे चणे, आणि पुरुषांना हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू. त्या हुर्राकाच्या वासानं एकदा शेजारचा रेडा दावं तोडून लादिनीला आला होता आणि "ओरा प्रो नोबीस" शेवटच्या ओळीपर्यंत म्हणाला. नसेल पटत तर सोडून द्या.

मग ते भाषेचं आलं. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून रस्त्यात झाडं आडवी पडली, टायर जळले, बसच्या काचा फुटल्या. हे सगळं तुम्ही इतरत्र वाचलं असेल, आणि लिहिणाऱ्यांनी मोठमोठ्या माणसांबद्दल लिहिलं असेल. आमचा वाडा मराठीच्या बाजूचा, आणि मी आमच्या बसबद्दल सांगते. पेडण्याच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, माणसं दारात लोंबकळायची, आणि माझ्या शेजारची सीट रिकामी. कोणी शिवी दिली नाही, कोणी ढकललं नाही. नुसतं कोणी बसलं नाही. शाळेत वक्तृत्वाचं मराठी बक्षीस मी घेतलेलं, निबंध माझा वर्गात वाचून दाखवलेला. पण मी फिलोमेना, आणि फिलोमेना म्हणजे कोंकणीवाली, असं एका सकाळी सगळ्यांना एकदम ठाऊक झालं. सुली दुसऱ्या बाकावर गेली. जाताना म्हणाली, "बाबांनी सांगलां." मी म्हटलं, "बाबांनी बाक उचलून नेवंक सांगल्यानी काय?" ती हसली नाही. एरवी ती माझ्या फुटक्या विनोदालासुद्धा लोळायची. मी विनोद परत एकदा, मोठ्यानं सांगून पाहिला.

कायदा कोंकणीच्या बाजूनं झाला आणि वाडा पुरता मुका झाला. निदान माझ्यापुरता. मी भरडावर एकटी जायची, दगडावर चढायची, गाऱ्हाणं घालायची, आणि काजूची झाडं बोंडं खाली टाकण्यापलीकडे काही करायची नाहीत. पूर्वी डोंगर निदान प्रतिध्वनी तरी द्यायचा. त्या उन्हाळ्यात त्यानंही कुठली तरी बाजू घेतली असावी. एकटेपणाबद्दल लोक गप्प, शांत माणसांना विचारतात. बडबड्या माणसाला विचारा. त्याला तो जास्त कळतो. ज्याच्याकडे रोज घमेलंभर बोलणं तयार होतं आणि ओतायला भांडं नसतं, त्याची अवस्था काय होते ते मी सांगते: मी पोदेराशी बोलू लागले, मग त्याच्या सायकलशी, शेवटी पायच्या फोटोशी.

आणि रेडिओ सांगत होता की तिकडे आखातात लढाई चालू आहे आणि तेलाच्या जहाजांना आगी लागतायत. मांय रेडिओ बंद करायची नाही, पण जवळही बसायची नाही. परसात उभी राहून ऐकायची. लादिनीचा दिवस जवळ येत होता. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: वाडा आला नाही, चणे घराघरात पोचले नाहीत, तर आंगवण मोडली. आंगवण मोडली तर समुद्रावर आमच्या पायला सांभाळणारं कोणी नाही. हे मी मांयला बोलून दाखवलं नाही. देवाला मात्र दाखवलं, आणि कसं! आल्तारापुढे उभी राहून, गुडघे न टेकता, पांडूकाकांच्या थाटात. "बा जेजू म्हाराजा, परवा दिस मावळताना अख्खो वाडो खुरसाकडे हजर होवंक जाय. पांडूकाका पयले. ताणी मान खाली घालूंक जाय. सुलीन माझ्या बाजूक बसूंक जाय, आनी पयलें उलोवंक जाय तिणें, हांवें न्हय." कोणी कुठं बसायचं, आधी कोणी बोलायचं, लग्नातला मुकादम पंगती बसवतो तशी मी सगळी मांडणी देवाला समजावून दिली. मांय मागं उभी होती हे मला कळलं नाही.

"फिलू," ती म्हणाली, "तूं देवाकडेन मागता, काय ताका हुकूम सोडटा गो?"

"मोठ्यान सांगल्याबगर ताका कळत कसें?"

"देव भैरो न्हय. दिंब्यांर बस." देव बहिरा नाही, गुडघ्यांवर बस, म्हणाली. मी बसले, पण मनातून उभीच होते.

आमंत्रणं द्यायला आम्ही दोघी घरोघर गेलो. ही रीतच. "बघुया", "जमल्यार येतंव", "म्हसरांचा बघूक जाय" अशी उत्तरं मिळाली. पांडूकाका सोप्यावर सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "तुमची भास जिकली मगे, वयनी. आता ओरा प्रो नोबीस म्हणूंक आमची गरज कित्याक?"

मांय म्हणाली, "चणे उकडूंक घालतां, पांडूभाऊ. येयात." एवढंच. माझ्या जिभेवर तोपर्यंत सात उत्तरं रांगेत उभी होती, एकाहून एक धारदार. तिनं माझा दंड इतका दाबला की सातही गिळली.

लादिनीच्या दिवशी मेस्ताचा निरोप आला की त्यांना मांद्र्याच्या मोठ्या लादिनीला जावं लागतंय. मला खरं तर आनंद झाला. आता पुढं मी गाणार. मी नवा झगा घातला, खुरीस धुतला, वळेसर चढवले, चटया एवढ्या अंथरल्या की पणजीहून कोणी आलं तरी बसेल. चण्यांची हंडी मधे. ऊन कलंडलं. तिठ्यावरून एक म्हैस गेली, मग तिच्यामागून धूळ गेली. मग कोणीच गेलं नाही. घरं एवढी जवळ की कोणाच्या चुलीवर बांगडे आहेत ते कळत होतं. दारं उघडी, माणसं आत. मांयनं मेणबत्त्या लावल्या आणि म्हणाली, "सुरू कर."

मी सुरू केलं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज लावला. भक्ती नव्हती ती. मला सगळ्या उघड्या दारांतून आत घुसायचं होतं. "सांक्ता मारियाऽऽ!" मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या झाल्या. आणि माझ्या त्या प्रचंड सुरानंतर, सुईतून दोरा निघावा तसा मांयचा एकटा आवाज, "ओरा प्रो नोबीस." पुढचं नाव, पुन्हा तोच दोरा. लादीन ही एकट्यानं म्हणायची गोष्टच नव्हे. ती हाक आहे, आणि प्रत्येक हाकेनंतर उत्तरासाठी एक जागा ठेवलेली आहे. एरवी ती जागा पन्नास घशांनी भरायची. त्या दिवशी मला त्या जागेत विहिरीत डोकावल्यासारखं वाटत होतं. मी जितक्या जोरात गात होते तितकी ती खोल होत होती. मांयला दम्याचा त्रास. मेणबत्तीच्या धुरानं तिचा श्वास तुटायला लागला, आणि एका नावाला उत्तरच आलं नाही. नुसते ओठ हलले.

मी थांबले. वाडाभर कसली शांतता पसरली!

मांयनं मला हातानं खाली बसवलं. "आतां हांव म्हणटां. तूं जाप दी."

जाप, म्हणजे उत्तर. मी जन्मात उत्तराची बाजू धरली नव्हती. ते कोण्याही माणसाचं काम, गर्दीचं. पण तिचा श्वास बघून मी मान हलवली. मला वाटलं, संतांची राहिलेली नावं घेईल. तिनं पहाटेची नावं घ्यायला सुरुवात केली. वाड्याच्या वरच्या टोकापासून. "गुणो, आनी ताची आवय," असं म्हणून माझ्याकडे बघितलं.

"कितें म्हणूं?"

"सांबाळ, सायबा, म्हण."

"सांबाळ, सायबा."

"भिकी, आनी तिचीं भुरगीं."

"सांबाळ, सायबा."

एकेक घर घेत ती खाली येत होती, आणि मला दिसत होतं ती कुठे येऊन पोचणार. आमच्या कुंपणापाशी आली. "पांडुरंग. ताची बायल. ताचें चेडूं, सुली." आणि थांबली.

शब्द दोनच होते. मराठी वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेल्या मुलीला ते येईनात. रिकामी सीट, रिकामा बाक, बसमधले वळलेले खांदे, सुपारीचा अडकित्ता, सगळं मधे आडवं पडलेलं. मांयनं घाई केली नाही. ती दुसऱ्या नावाकडे गेली नाही, पुन्हा तेच नावही उच्चारलं नाही. माझं उत्तर यायची तेवढी जागा ठेवून गुडघ्यांवर बसून राहिली, धापा टाकत. खूप वेळानं मी म्हटलं, "सांबाळ, सायबा." मला स्वतःला जेमतेम ऐकू आलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या हळू काही बोलले नव्हते, आणि बोलताना मला पहिल्यांदाच असं वाटलं की कोणी तरी अगदी जवळ बसून ऐकतंय.

सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "कायतान." पाय. नुसतं नाव, इतरांसारखंच.

नंतर मी विचारलं, "पायचें नांव निमणें कित्याक घेतलें?"

"सगळ्यांक सांबाळ्ळें जाल्यार तोय सांबाळ्ळो न्हय?" ती म्हणाली, आणि चण्यांची हंडी टोपलीत पालथी करू लागली.

रीत अशी की खुरसाकडे येईल त्याला चणे. न येणाऱ्याच्या दारात कोणी चणे घेऊन जात नाही, तो अपमान दोन्हीकडून. मी म्हटलं, "ते येवंक ना, आनी आमीच वचपाचें?" मांय म्हणाली, "चणे थंड जातले." टोपलीचा एक कान तिनं धरला, एक मी.

एका घरात म्हातारीनं पदर पुढे केला आणि डोळे पुसले. एका घरात दार आमच्यासमोर हळूच लागलं. एका घरात सांगितलं, "आमची आज एकादशी," आणि आतून बांगड्यांच्या तिखल्याचा असा वास आला की विठोबालासुद्धा उपास सोडावासा वाटला असता. मांय म्हणाली, "मग फाल्यां खायात," आणि चणे पानावर ठेवून आली.

पांडूकाका सोप्यावरच होते. दिवा लागलेला. आत दाराच्या पडद्याखाली मला सुलीचे पाय दिसत होते.

"जाली लादीन, वयनी?"

"जाली."

"फिलूचो आवाज आयकलंय. मगे मधीच बंद पडलो. मी म्हटलंय, मायलेकी भांडली."

"ना. मागीर आमी ल्हवू म्हटली."

"ल्हवू काय म्हटलात?"

हळू आवाजात काय, ते विचारत होते. मांय टोपलीतले चणे सारखे करू लागली. मी सांगू शकत होते. तुमचं नाव घेतलं, म्हणायचं, दगड मारावा तसं. तो नेमका बसला असता, त्यांची मान खाली गेली असती, माझ्या गाऱ्हाण्यात मी मागितली होती अगदी तशीच. शब्द जिभेवर आले होते. मी टोपलीकडे बघत राहिले.

पांडूकाका उठले. तांब्या घेऊन अंगणाच्या कडेला गेले, हात धुतले, पंच्याला पुसले, आणि परत येऊन दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली, देवळात धरतात तशी. मांयनं ओंजळ भरली. ते आत गेले. पडद्याखालचे पाय हलले नाहीत. ते चणे त्यांनी खाल्ले, की म्हशीच्या घमेल्यात गेले, मला माहीत नाही. मी वळून बघणार होते, पण मांयनं टोपली ओढली. "दिलें तें दिलें," म्हणाली. तीही वळली नाही. विश्वास म्हणजे काय यावर मी पुढे इगर्जेत पुष्कळ शेर्मांव, म्हणजे प्रवचनं, ऐकले, चांगले चांगले पाद्री होते ते. पण ती न वळलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही. बसमधली सीट बराच काळ रिकामी राहिली. गोवा राज्य झालं, पेडण्यात फटाके वाजले, आणि मी ते आमच्या परसातून एकटीनं ऐकले. सुलीचं लग्न वाळपईला झालं. बोलावणं आलं, घराला येतं तसं. मी गेले, जेवले, तिच्या हातात भेट दिली. ती "जेवलंस मगे?" म्हणाली, मी "जेवलंय" म्हटलं. आजही आम्हा दोघींमधलं बोलणं तिथंच थांबलेलं आहे. पहाटे मी तिचं नाव घेते, आणि मजकूर घालत नाही.

पाऊस सरल्यावर पाय आले. साबण, चॉकलेट, कांदा. जहाजावर आग बघितलीत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, दुसऱ्याच्या जहाजावर बघितली, लांबून, आणि हात धुवायला उठले. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "अवंदू लादीन कशी जाली? वाडो आयल्लो?"

घरातलं थापा मारण्याचं खातं माझ्याकडे होतं, आणि मी महिनोन् महिने तयारीत होते. व्हायोलिनं दोन, माणसं चटयांवर मावेनात, पांडूकाकांचं गाऱ्हाणं ऐकून खुद्द खुरीस पाझरला, सगळं तोंडपाठ. मी तोंड उघडलं. पण मांजरालाही कधी खोटं न सांगितलेली माझी मांय त्यांच्या ताटात हुमणाची वाटी ठेवत, अगदी सहज, माझ्याआधी म्हणाली,

"सगळीं आसलीं."

पायनी "बरें" म्हटलं आणि भाताला हात घातला. सगळी होती! मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती खोटं बोलत नव्हती; एकही नाव राहिलं नव्हतं. मी उघडलेलं तोंड मिटलं, आणि एवढी नामी थाप जन्मात पहिल्यांदा वाया गेली.